चॅप्टर ४७ आणि चॅप्टर ४८

सकाळी ६.३०

चहाला आधण येईपर्यंत तीन दर बघून होतात : डॉलर, आपला रुपया आणि इंडोनेशियाचा रुपिया. हे तीन दर डोक्यात नसले तर दिवसभराच्या बोलण्याला बूडच राहत नाही. सौदा डॉलरमध्ये ठरतो, लाकूडतोडीची मजुरी रुपियामध्ये दिली जाते आणि इथल्या गिऱ्हाइकाचं बिल रुपयांत फाटतं.

आमची पुण्यातली कचेरी छोटी आहे. छापखाने, खोक्यांचे कारखाने, वह्या बांधणारे, अशांना कागदाच्या बाजाराची टिपणं करून द्यायची, हे आमचं काम. दिवाळीचा हंगाम उरकला की ही मंडळी पुढच्या वर्षाच्या खरेदीचा विचार करू लागतात. यंदा, २०२५च्या दिवाळीनंतर, भोसरीच्या काही कार्टनवाल्यांनी मिळून एक प्रश्न पाठवलाय : समुद्र ओलांडून येणारा इंडोनेशियाचा पुठ्ठा आपल्या मिलच्या पुठ्ठ्यापेक्षा स्वस्त कसा पडतो, आणि हे असंच चालणार का? त्यासाठी भारत आणि इंडोनेशियाच्या कागद-पुठ्ठ्याच्या व्यापाराची तुलना करायची आहे. टिपण आज संध्याकाळी गेलं पाहिजे.

८.१५

बसमध्ये बसायला जागा मिळाली की वर्तमानपत्र उघडते. ते ज्या कागदावर छापलंय तो न्यूजप्रिंट. कस्टम्सच्या भाषेत ४८०१. भारताला लागणाऱ्या न्यूजप्रिंटपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, त्यात रशिया आणि कॅनडाचा वाटा मोठा. जुलै २०१९च्या अर्थसंकल्पात त्यावर १० टक्के आयातशुल्क लागलं, वृत्तपत्रांनी ओरड केली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं. आजच्या टिपणात न्यूजप्रिंट बाजूला ठेवायचा, एवढं ठरवून टाकते. तो आपल्या कार्टनवाल्यांचा प्रश्न नाही.

९.३०

कचेरीत पहिलं काम म्हणजे कोडांची यादी समोर घेणं. जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९८८पासून लागू केलेल्या पद्धतीत जगातल्या प्रत्येक मालाला आकडा आहे. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, पुढचे ज्याचे त्याचे. भारतात एकूण आठ. चॅप्टर ४७ म्हणजे लगदा आणि रद्दी, ४८ म्हणजे कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तू, ४९ म्हणजे छापलेली पुस्तकं, वर्तमानपत्रं, कॅलेंडरं.

४८च्या पोटात फार मोठं कुटुंब आहे. ४८०२मध्ये लिहायचा-छापायचा कागद, ४८०४मध्ये खोक्यांचा मजबूत क्राफ्ट कागद, ४८१०मध्ये मातीचा लेप दिलेला आर्ट पेपर आणि कार्टनचा पुठ्ठा, ४८१८मध्ये टिश्यू, ४८१९मध्ये तयार खोकी आणि पिशव्या, ४८२०मध्ये वह्या-रजिस्टरं. 'कागदाचा व्यापार' म्हणून या सगळ्याची एक बेरीज करून दोन देश शेजारी मांडले, तर आकडा मिळतो आणि अर्थ हातातून निसटतो. ज्याला औषधाचं खोकं बनवायचं आहे त्याला टिश्यूच्या निर्यातीशी काय करायचं आहे? म्हणून मी तुलना नेहमी चार आकडी कोडावर करते, आणि ४८ उघडलं की शेजारी ४७ उघडतेच. नुसतं ४८ बघणाऱ्या माणसाला या दोन देशांतला फरक दिसतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

१०.१५

आता आकडे. आपल्याकडचे कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाकडून येतात. इंडोनेशियाचे जाकार्तातल्या त्यांच्या केंद्रीय सांख्यिकी संस्थेकडून. दोन्ही बाजू संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीत एकत्र सापडतात. इंडोनेशिया म्हणतो 'भारताला एवढा पुठ्ठा पाठवला', भारत म्हणतो 'इंडोनेशियाकडून एवढा आला', आणि हे दोन आकडे कधीही जुळत नाहीत.

न जुळण्याला कारणं आहेत आणि ती समजून घेण्यात सकाळ जाते. निर्यातीचा दर बंदरावर माल जहाजात चढेपर्यंतचा धरतात. आपण आयातीचा धरतो तो जहाजभाडं आणि विमा मिळवून. म्हणजे तोच कंटेनर, तोच पुठ्ठा, पण आपल्या कागदावर तो महाग दिसणारच. आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यांचं जानेवारी ते डिसेंबर. डिसेंबरच्या शेवटी सुमात्रातून निघालेला माल न्हावा शेव्याला जानेवारीत उतरतो, तिकडे गेल्या वर्षात, इकडे नव्या वर्षात. शिवाय सिंगापूर. माल इंडोनेशियाचा, पण बिल सिंगापूरच्या व्यापाऱ्याचं, जहाजही तिथेच बदललेलं. आपण मूळ देश नोंदवतो, तिकडच्या कारकुनाला शेवटचं ठिकाण कळलेलंच नसेल तर तो सिंगापूर लिहितो.

अशा वेळी मी दरापेक्षा वजनावर भिस्त ठेवते. टन म्हणजे टन. जहाजभाडं वाढलं म्हणून तो वाढत नाही आणि रुपया घसरला म्हणून घटत नाही.

आपल्याकडे अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. १ ऑक्टोबर २०२२पासून कागदाच्या २०१ प्रकारांच्या आयातीची आगाऊ नोंदणी करावी लागते, जहाज पोचायच्या किमान ५ आणि कमाल ७५ दिवस आधी. आयातदारांना ती कटकट वाटते. मला मात्र ती मनापासून हवीशी वाटते, कारण पूर्वी माल गोदामात जाऊन विकला गेल्यावर आपल्याला आकडा कळायचा.

वजनाचं चित्र असं दिसतं. २०२२-२३मध्ये भारतात सुमारे १४ लाख टन कागद आणि पुठ्ठा आला, २०२३-२४मध्ये १९ लाख टनांच्या वर. एका वर्षात तिसऱ्या हिश्श्याने वाढ. निर्यातीत आपण २०२१-२२मध्ये सुमारे १४ हजार कोटी रुपयांपर्यंत उडी मारली होती. ती करोनानंतरच्या जागतिक टंचाईची कृपा होती, पुढे ती टिकली नाही. इंडोनेशिया चॅप्टर ४८मध्ये वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर निर्यात करतो आणि वर ४७मध्ये आणखी तीन अब्जांहून जास्त किमतीचा लगदा विकतो. लोकसंख्या आपल्या पाचव्या हिश्श्याएवढी. ४८मध्ये आपण त्यांच्या मागे आहोत, पण एका रांगेत तरी आहोत. ४७मध्ये ते विकणारे आणि आपण घेणारे. प्रश्नाचं उत्तर तिथे आहे.

११.३०

लाकूड. या एका शब्दावर टिपणाचा निम्मा भाग खर्च करायचा असं ठरवून बसले आहे.

इंडोनेशियात सरकार कंपन्यांना हजारो हेक्टर जमीन औद्योगिक लागवडीसाठी परवान्यावर देतं. रियाऊ, जांबी आणि दक्षिण सुमात्रा या प्रांतांत बाभळीच्या जातीची अकेशिया आणि निलगिरी ओळीने उभी असते. विषुववृत्ताजवळचा पाऊस आणि ऊन मिळून झाड पाच-सहा वर्षांत तोडायला येतं. तोडलेलं लाकूड कालव्यातून किंवा ट्रकने जवळच्याच मिलमध्ये जातं, त्याचा लगदा होतो आणि बराचसा लगदा न वाळवता पुढच्या शेडमध्ये कागद बनतो. अशा मिल म्हणजे पेरावांगची इंदाह कियात, पांगकालान केरिंचीची एप्रिल कंपनीची, आणि २०१६च्या अखेरीस सुरू झालेली ओकेआय. ही शेवटची एकटी वर्षाला २० लाख टनांहून जास्त लगदा काढते. लगदा वाळवायचा खर्च नाही, तो विकत घ्यायचा नाही, त्याचं जहाजभाडं नाही. स्वस्त पडण्याचं पहिलं कारण हे.

आपल्याकडे १९८८च्या राष्ट्रीय वनधोरणाने नैसर्गिक जंगल उद्योगांना देण्याचं थांबवलं आणि लागणारा माल शेतकऱ्यांच्या मदतीने उभा करा असं सांगितलं. त्यामुळे आपल्या मिल सुबाभूळ, निलगिरी आणि सुरू शेतकऱ्याकडून विकत घेतात. आंध्र-तेलंगणात ते चांगलं रुजलं आहे. पण शेतकऱ्याची जमीन दोन-चार एकर, लाकूड कुठून कुठून गोळा करायचं, ट्रकचं भाडं निराळं. मला हे धोरण योग्य वाटतं, आणि त्याची किंमत मोजावी लागते हेही खरं आहे. शेतकऱ्याला मिळणारा पैसा पुठ्ठ्याच्या दरात दिसणारच.

इंडोनेशियाच्या स्वस्ताईचं बिल दुसऱ्या कुणीतरी भरलं आहे, ही गोष्ट टिपणातून गाळायची माझी तयारी नाही. सुमात्राच्या किनारी भागात पीट नावाची काळी, ओली, हजारो वर्षं कुजत गेलेल्या पानांची जमीन आहे. लागवडीसाठी कालवे खणले की पाणी उतरतं आणि वाळलेलं पीट एकदा पेटलं की जमिनीखाली महिनोन्‌महिने धुमसतं. २०१५च्या आगींचा धूर सिंगापूर आणि मलेशियापर्यंत गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. इंदाह कियात आणि ओकेआय चालवणाऱ्या एपीपी कंपनीने फेब्रुवारी २०१३मध्ये आणि एप्रिल कंपनीने २०१५मध्ये नैसर्गिक जंगल न तोडण्याची धोरणं जाहीर केली. पण झालेलं नुकसान कुठल्याही टनामागच्या दरात लिहिलेलं नसतं.

आमचे सर येऊन मजकूर बघतात. "गिऱ्हाइकाने दराचं विचारलंय, जंगलाचं नाही."

"सर, युरोपात औषध पाठवणारी कंपनी उद्या त्यांना विचारणार आहे की तुमच्या खोक्याचं लाकूड कुठलं. तेव्हा काय सांगतील?"

ते परिच्छेद तसाच ठेवायला सांगून जातात.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. इंडोनेशियाच्या कागदाशी पुणे जिल्ह्याचं नातं जुनं आहे. १९९०च्या दशकात एपीपी ज्याची त्याच सिनार मास समूहाने भिगवणला लेपाच्या कागदाची मिल उभारली. म्हणजे सुमात्राचा उद्योग उजनीच्या पाण्याशेजारी येऊन कागद बनवत होता. पुढे एपीपी कर्जात बुडाली. २००१मध्ये तिने सुमारे १४ अब्ज डॉलरच्या कर्जाची फेड थांबवली, आणि त्याच वर्षी भिगवणची मिल बल्लारपूरच्या कंपनीने घेतली. पुढे २०२०मध्ये बल्लारपूरच्या कंपनीवरही दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. कागदाच्या धंद्यात मिल उभारायला प्रचंड पैसा लागतो आणि दर पडला की तो पैसा अडकतो. दोन्ही देशांत गोष्ट तीच.

१.००

डबा. आज मेथीची भाजी. जेवताना फोन वाजतो, न्हावा शेव्याच्या कस्टम्स ब्रोकरचा. एका आयातदाराचा फॉर्म एआय अडला आहे.

फॉर्म एआय म्हणजे माल खरोखर आसियान देशात बनला, याचा दाखला. आसियान-भारत मालव्यापार करार १ जानेवारी २०१०ला लागू झाला आणि २०१४पर्यंत बहुतेक सगळ्या कागद-पुठ्ठ्यावरचं शुल्क शून्यावर आलं. एरवी ते १० टक्के. हा दाखला असेल तर शून्य, नसेल तर दहा. त्यासाठी ३५ टक्के किंमत आसियानमध्ये तयार झालेली हवी आणि मालाचा सहा आकडी कोड बदललेला हवा. सप्टेंबर २०२०पासून नियम आणखी कडक झाले. दाखला दाखवून भागत नाही, माल तिकडे कसा बनला याची माहिती आयातदाराला स्वतःजवळ ठेवावी लागते. ब्रोकर सांगतो की दाखल्यावरचा कोड आणि बिल ऑफ एंट्रीवरचा कोड यांत तफावत आहे. कंटेनर आठवडाभर तरी बंदराजवळच्या गोदामात राहणार, भाडं चढत राहणार.

स्वस्त पडण्याचं दुसरं कारण हेच : शून्य शुल्क. लाकडाच्या मानाने ते लहान आहे, पण डोळ्यांत भरतं ते हेच, म्हणून आपल्या मिलचं सगळं भांडण त्याच्याशी.

२.१५

भोसरीला जाऊन पुठ्ठा हातात घ्यायचा आहे. आकड्यांवर दिवस काढला की मला हे आवश्यक वाटतं.

कारखाना औषधांच्या खोक्यांचा. मालक साठीचे, सगळे त्यांना काका म्हणतात. टेबलावर त्यांनी दोन ताव ठेवलेत, एक इंडोनेशियाचा फोल्डिंग बॉक्स बोर्ड, दुसरा आपल्याकडचा राखाडी पाठीचा ड्युप्लेक्स. काका गोल कटर आणतात. पुठ्ठ्यावर ठेवून मूठ फिरवली की बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची चकती निघते. ती छोट्या काट्यावर ठेवायची आणि आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणायचं, झाला जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. पहिली चकती २.७ ग्रॅम, म्हणजे २७०. दुसरी ३ ग्रॅम, म्हणजे ३००.

"आता दोन्ही दाबून बघा, ताई."

जाडी जवळजवळ सारखी. वजन कमी असून जाडी तीच, कारण इंडोनेशियाच्या पुठ्ठ्याच्या मधल्या थरात यंत्राने दळलेला ताज्या लाकडाचा लगदा आहे, तो फुगीर असतो. काका पुठ्ठा हळूच फाडतात. कडेला लांब, पांढरे, केसांसारखे धागे उभे राहतात. ड्युप्लेक्स फाडला तर आखूड, राखाडी तुकडे पडतात आणि मध्येच निळसर शाईचा ठिपका दिसतो, जुन्या छापील कागदाचा.

"टनाचा दर जास्त असला तरी टनात मला जास्त खोकी मिळतात," काका म्हणतात. "मिलवाले टनाचा दर बोलतात, मी खोक्याचा हिशोब करतो."

ही गोष्ट कुठल्याच सरकारी आकडेवारीत नाही, आणि माझ्या मते टिपणातली सगळ्यात कामाची ओळ हीच आहे.

मग किमान आयात किमतीचा विषय निघतो. २२ ऑगस्ट २०२५ला केंद्राने ताज्या लगद्याच्या बहुस्तरीय पुठ्ठ्यावर टनाला ६७,२२० रुपयांची किमान किंमत लावली, ३१ मार्च २०२६पर्यंत. जहाजभाडं आणि विम्यासकट याहून स्वस्त पुठ्ठा त्या मुदतीत आणता येणार नाही, असा नियम झाला. मिलना श्वास घ्यायला जागा मिळाली. काकांचा खर्च मात्र वाढला. त्यात २२ सप्टेंबरपासून कागद-पुठ्ठ्यावरचा जीएसटी १२चा १८ झाला आणि तयार खोक्यावरचा १२चा ५. घेताना १८ भरायचे, विकताना ५ लावायचे, आणि मधला फरक परताव्यात अडकणार.

"मिल वाचावी असं मलाही वाटतं हो," ते म्हणतात. "उद्या इंडोनेशियाने दर वाढवला तर मी कुठे जाणार? पण मिल वाचवायची आणि मी बुडायचं, असं कसं चालेल?"

या वाक्याला माझ्याकडे तिथल्या तिथे उत्तर नाही. मी ते टिपणात तसंच घेते.

४.००

परतीच्या रिक्षात नाशिकच्या एका द्राक्षवाल्याशी फोनवर बोलणं होतं. जानेवारीपासून त्यांना खोकी लागतील, क्राफ्टचे दर काय राहतील, हे त्यांना जाणून घ्यायचंय. त्यांच्याशी बोलताना मला नेहमी आठवतो तो या तुलनेतला सगळ्यात मोठा खड्डा.

नाशिकची द्राक्षं पाच किलोच्या कोरुगेटेड खोक्यात बसून नेदरलँड्सला जातात. शीतगृहात दमट हवेत दिवसच्या दिवस एकावर एक रचलेलं ते खोकं खचता कामा नये, म्हणून त्याला चांगला, ताज्या धाग्याचा क्राफ्ट लागतो. पण रॉटरडॅमला उतरलेलं ते खोकं कागदाची निर्यात म्हणून कुठेच नोंदलं जात नाही. वर्गीकरणाचा नियमच आहे, मालासोबतचं नेहमीचं वेष्टन त्या मालाच्याच कोडात धरायचं. खोकं द्राक्षात गेलं. तिरुपूरच्या बनियनचं खोकं कपड्यात गेलं, औषधाचं औषधात, आंब्याचं आंब्यात. भारत चॅप्टर ४८मध्ये दिसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त पुठ्ठा देशाबाहेर पाठवतो, फक्त तो रिकामा पाठवत नाही.

उलट बाजूनेही तेच. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या, फोनच्या, खेळण्याच्या खोक्यात कागद येतो. तो इथे रद्दी होतो, वापीच्या मिलमध्ये जातो आणि पुन्हा क्राफ्ट होतो. त्या धाग्यासाठी कोणी चॅप्टर ४७मध्ये एक रुपयाही नोंदवलेला नसतो. इंडोनेशिया मात्र आपला बराच कागद रिळात आणि रिमात, उघड्या नावाने विकतो. म्हणून दोन देशांच्या ४८च्या बेरजा शेजारी ठेवल्या तर इंडोनेशियाची ताकद पूर्ण दिसते आणि आपली अर्धी झाकलेली राहते. आपण कागद विकणारा देश कमी आणि कागदात गुंडाळून माल विकणारा देश जास्त आहोत. स्वस्त आणि चांगला पुठ्ठा आपल्याला त्यासाठीही लागतो. शुल्काची भिंत किती उंच बांधायची हे ठरवताना नाशिकचा शेतकरीही त्या टेबलावर बसलेला असायला हवा.

४.४५

रद्दीच्या व्यापाऱ्याचा फोन. कोड ४७०७.

भारतात बनणाऱ्या कागदापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रद्दीपासून बनतो. लाकडाचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास, उरलेला उसाचं चिपाड आणि गव्हाचा पेंढा. देशातली रद्दी पुरत नाही म्हणून अमेरिका-युरोपातून ती कंटेनर भरभरून येते. पुरत नाही याचं एक कारण साधं आहे. आपला माणूस वर्षाला १५-१६ किलो कागद वापरतो, जगाची सरासरी ५५ किलोच्या घरात. जिथे वापर कमी तिथे रद्दीही कमी. दुसरं कारण प्रतीचं. धागा पाच-सात वेळा वापरला की आखूड होऊन निघून जातो. नवा लांब धागा आत यावा लागतो, आणि तो अमेरिकेच्या पाइनच्या जुन्या खोक्यांतून येतो.

चीनने २०१८मध्ये मिश्र रद्दी बंद केली आणि १ जानेवारी २०२१पासून सगळीच. तो सगळा ओघ भारत, इंडोनेशिया, व्हिएतनामकडे वळला. सोबत घाणही आली. पूर्व जावातल्या मोजोकर्तो भागात बांगुन नावाचं गाव आहे. तिथे मिलमध्ये आलेल्या रद्दीतून निघणारं परदेशी प्लॅस्टिक लोक शेतात वाळवून, निवडून विकतात. २०१९मध्ये इंडोनेशियाने असे दूषित कंटेनर परत पाठवायला सुरुवात केली. आपल्या मिलच्या आवारातही रद्दीच्या गासड्यांतून प्लॅस्टिकचे ढीग निघतात. लाकूड असूनही इंडोनेशिया रद्दी आणतो, तपकिरी कागदासाठी. इथे दोन्ही देश एकाच गाठोड्यासाठी बोली लावत असतात.

मग आणखी एक विचित्र वळण आलं. चीनने रद्दी बंद केल्यावर तिथल्या मिलना धागा हवाच होता, म्हणून त्या आपल्याकडून रद्दीचा क्राफ्ट रिळाने घेऊ लागल्या. निर्यातीचा आकडा फुगला, आणि आपल्या कोरुगेटेडवाल्यांना क्राफ्ट मिळेना, दर भडकले. वर्तमानपत्रांत निर्यात वाढल्याची बातमी होती. चाकणमध्ये यंत्रं थांबली होती.

५.४५

वह्यांचा परिच्छेद झटकन उरकते. ४८२०मध्ये दोन्ही देश बरोबरीचे आहेत. पूर्व जावाची चिवी किमिया जगातल्या मोठ्या वही-उत्पादकांत गणली जाते, आपण अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंत वह्या पाठवतो. २००६मध्ये अमेरिकेने रेघी वह्यांवर डंपिंगविरोधी शुल्क लावलं तेव्हा भारत, इंडोनेशिया आणि चीन एकाच आदेशात होते. डिसेंबर २०१८मध्ये आपणच इंडोनेशिया, थायलंड आणि सिंगापूरच्या कॉपियर कागदावर तसंच शुल्क लावलं. इंडोनेशिया अशा शुल्कांविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत जातो आणि लढतो. दक्षिण कोरियाविरुद्ध गेला. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या ए-फोर कागदाच्या खटल्यात २०१९मध्ये निकाल बराचसा त्याच्या बाजूने लागला. त्यामुळे आपण लावलेली प्रत्येक अडचण कायदेशीर पुराव्यावर उभी असली पाहिजे, घाईने लावलेली टिकणार नाही, हे कार्टनवाल्यांना सांगणं माझं काम आहे.

६.३०

आता निष्कर्ष. सरांनी दोन पानांची मर्यादा घातली आहे.

लिहिते : इंडोनेशियाचा पुठ्ठा स्वस्त आहे तो मुख्यतः लाकूड आणि लगदा मिलच्या दारात असल्यामुळे. शून्य शुल्काने त्यात भर पडते. उद्या १० टक्के शुल्क परत आलं तरी फरक कमी होईल, संपणार नाही. किमान आयात किमतीची मुदत ३१ मार्च २०२६ला संपते, पुढे ती वाढेल की नाही यावर पैज लावून खरेदी करू नका, दोन्ही शक्यता धरून दोन पुरवठादार ठेवा. टनाचा दर न बघता खोक्यामागचा दर काढा. जिथे २७० जीएसएमवर भागतं तिथे ३०० घेऊ नका. आणि चॅप्टर ४८च्या बेरजांवरून कोणी 'भारत मागे, इंडोनेशिया पुढे' असं सांगितलं तर ४७चं पान मागा.

सर वाचतात. "मिलवाल्यांची बाजू यात कुठे आहे?"

ती मी लिहिलेलीच आहे, शेवटी. आपल्याला सुमात्रासारखी लागवड करायची नाही, करूही नये. आपलं लाकूड शेतकऱ्याच्या बांधावर आणि आपल्या शहरांत आहे. मिल वाचवायच्या असतील तर सुबाभळीच्या शेतकऱ्याला हमीचा भाव आणि रद्दीवाल्याला कोरडा, वेगळा केलेला माल मिळाला पाहिजे. किमान किमतीने काही महिने मिळतात. त्या महिन्यांत हे झालं नाही तर पुढच्या वर्षी हेच टिपण पुन्हा लिहावं लागेल.

७.४०

टिपण ईमेलने गेलं. काकांचा निरोप आला : "वाचलं. कटिंग प्रतवारी लावून वेगळं बांधायला उद्यापासून सांगतो."

वाचकांना माझीही तीच विनंती आहे. घरी आलेलं पुठ्ठ्याचं खोकं चपटं करा, त्यावरची चिकटपट्टी काढा, ओल्या कचऱ्यात जाऊ देऊ नका आणि रद्दीवाल्याच्या हातात कोरडं द्या. ओल्या, खरकट्या खोक्याचा कागद होत नाही. त्याच्या जागी अमेरिकेहून जुनं खोकं डॉलर मोजून आणावं लागतं.